आधी केसपेपर, मग पॉलिसी: लहान जातीच्या कुत्र्याचा विमा आणि दवाखान्याचा खर्च

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोमेरेनियन नर पिल्लू, वय पाच महिने, वजन २ किलो २०० ग्रॅम. शेवटच्या लशीच्या वेळी डॉक्टर म्हणाले की उजव्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जरा सैल लागते. पिल्लू लंगडत नाही, धावतं-खेळतं आहे. आता विमा काढावा की हप्त्याइतकी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकावी, आणि विमा काढायचाच तर कोणता, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

विमा की बचत, हा यातला दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न त्या दिवशी केसपेपरवर नेमकं काय लिहिलं गेलं हा आहे. पॉलिसीच्या भाषेत आजार निदानाच्या दिवशी सुरू होत नाही. लक्षण पहिल्यांदा दिसलं किंवा तपासणीत हाताला लागलं, त्या दिवसापासून तो धरला जातो. "उजवी वाटी सैल, लक्ष ठेवणे" एवढी एक ओळ असली तरी तो गुडघा आधीपासूनच्या आजारात जमा होतो, मग पिल्लू कधी लंगडलेलं नसलं तरी. त्यामुळे उजव्या गुडघ्याचा खर्च विम्यातून निघणार नाही असं आजच गृहीत धरा. डाव्याचाही बहुधा नाही, कारण अनेक पॉलिसींमध्ये दोन्ही बाजूंच्या अवयवांसाठी वेगळं कलम असतं: एका बाजूला त्रास आधीपासून असेल तर दुसऱ्या बाजूचा तोच त्रासही वगळला जातो. गुडघ्याची वाटी, गुडघ्यातले अस्थिबंध, खुबा आणि डोळे यांना हे कलम लावलेलं आढळतं. लहान जातींत वाटी दोन्ही पायांची सरकणं अगदी नेहमीचं असल्यामुळे हे कलम तुमच्यासाठी कागदापुरतं उरत नाही.

वाटी सैल असणं म्हणजे नेमकं किती, हेही कळायला हवं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खोबण असते आणि वाटी तिच्यात वरखाली सरकते. लहान जातींत ही खोबण उथळ असते किंवा नडगीचं हाड जरासं पिळलेलं असतं, त्यामुळे वाटी बहुतेकदा आतल्या बाजूला निसटते. तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी बोटाने ढकलली तरच बाहेर जाते आणि सोडली की आपोआप परत बसते. दुसरीत ती चालता चालता निसटते. कुत्रं दोन-चार पावलं पाय उचलून उड्या मारतं, मग पाय मागे ताणतं आणि वाटी जागेवर येते. तिसरीत ती बहुतेक वेळ बाहेरच असते पण हाताने बसवता येते, आणि चौथीत हातानेही बसत नाही. पहिल्या पायरीला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. वजन आणि मांडीचे स्नायू सांभाळले की पुष्कळ कुत्री आयुष्यभर ठीक राहतात. दुसऱ्या पायरीत लंगडणं वारंवार असेल तर, आणि तिसरी-चौथी असेल तर, खोबण खोल करणं आणि वाटीखालचा स्नायुबंध जिथे नडगीला चिकटतो ती हाडाची कड सरकवून बसवणं, अशी शस्त्रक्रिया करतात. पिल्लू वाढीत असताना पायरी बदलू शकते, म्हणून पाच महिन्यांची नोंद अंतिम मानू नका.

त्यामुळे पहिलं काम असं करा की त्याच डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही गुडघे पुन्हा तपासून घ्या आणि पायरीच्या आकड्यासह नोंद मागा. "उजवा ग्रेड १, लंगडणे नाही, डावा स्थिर" ही ओळ "वाटी सैल" या मोघम ओळीपेक्षा तुमच्या कितीतरी उपयोगाची आहे. मोघम नोंदीचा अर्थ पुढे क्लेम तपासणारा माणूस लावतो, आणि तो तुमच्या बाजूने लावेल असं नाही. काही कंपन्या ठरावीक काळ लक्षण नसल्यास आणि पुन्हा तपासणी झाल्यास वगळलेला आजार परत संरक्षणात घेतात. त्यातही गुडघ्याला अनेकदा वेगळा नियम असतो, म्हणून ते लेखी विचारा. जुनी नोंद खोडायला किंवा बदलायला डॉक्टरांना सांगू नका आणि दवाखाना बदलून ती लपवण्याचाही विचार करू नका. मोठ्या क्लेमच्या वेळी कंपनी पहिल्या लशीपासूनचे सगळे कागद मागते. लपवलेली एक नोंद सापडली तर फक्त गुडघाच नाही, सगळी पॉलिसी धोक्यात येते.

आता गुडघे सोडून उरलेल्या कुत्र्याकडे वळू. विमा काढायचा तो या उरलेल्या कुत्र्यासाठी, आणि माझ्या मते तिथे तो काढण्याजोगा आहे.

लहान कुत्र्याचा खर्चही लहान असेल असं पुष्कळांना वाटतं. औषधांपुरतं ते खरं आहे. मात्रा किलोवर ठरते, म्हणून तीस किलोच्या कुत्र्याला अख्ख्या गोळ्या लागतात तिथे याला गोळीचा एक तुकडा पुरतो. पण एमआरआय यंत्राचा वेळ, भूल देऊन लक्ष ठेवणारी माणसं, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षतेतली एक रात्र, रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी यांचं बिल कुत्र्याच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. काही ठिकाणी तर लहान आकारामुळे काम अवघड होतं. अंग लवकर थंड पडतं, शिर सापडत नाही, आणि हाडाला बसवायची पट्टी व स्क्रू इतके बारीक लागतात की ते सगळीकडे मिळत नाहीत.

तुमच्या पिल्लाच्या वयात सर्वांत मोठ्या बिलाचा धोका पुढच्या पायाच्या हाडांचा आहे. टॉय म्हणजे अगदी इवल्या जातींत मनगटाच्या जरा वरचा भाग काडीसारखा बारीक असतो. सोफ्यावरून किंवा कडेवरून उडी मारली, आणि दोन्ही हाडं मोडली, असं घडतं. या जातींत तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, म्हणून नुसतं प्लास्टर घातलं तर हाड न जुळण्याचं किंवा वाकडं जुळण्याचं प्रमाण बरंच असतं. बहुतेक वेळा पट्टी आणि स्क्रूची शस्त्रक्रियाच करावी लागते, मग दर काही आठवड्यांनी एक्स-रे आणि कधी दुसरी शस्त्रक्रियाही. स्वस्तात उरकायचं म्हणून आधी प्लास्टर घातलं आणि सहा आठवड्यांनी हाड जुळलंच नाही, तर एकूण खर्च पहिल्याच दिवशी पट्टी बसवली असती त्याहून जास्त होतो आणि पायही वाया जाण्याची भीती असते. विमा नसला तरी इथे काटकसर करू नका.

दुसरा धोका विषबाधेचा, आणि तो थेट वजनाचाच आहे. झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाची किलोमागे ०.१ ग्रॅम मात्रा कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. २ किलो २०० ग्रॅमच्या पिल्लाला म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा लागत नाही. तेवढं झायलिटॉल काही च्युइंगगमच्या एकाच तुकड्यात असतं. माणसांच्या दुखण्यावरची आयबुप्रोफेनची एक गोळीही या वजनाला फार मोठी आहे. अशा वेळी एक-दोन दिवस सलाइन आणि दर काही तासांनी रक्तचाचणी करावी लागते. अपघात आणि विषबाधा यांचा प्रतीक्षा कालावधी सहसा काही दिवसांचाच असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर हे संरक्षण सर्वांत आधी सुरू होतं.

मधल्या वयात पोमेरेनियनचा नाजूक भाग म्हणजे श्वासनलिका. नलिकेभोवतीच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून ती चपटी होते आणि हंस ओरडल्यासारखा कोरडा, ठसकेदार खोकला येतो. निदानाला एक्स-रे, कधी चालत्या श्वासाचं चित्रण किंवा दुर्बिणीची तपासणी लागते. बहुतेक कुत्री औषधं, वजन कमी करणं आणि गळपट्टा काढून टाकणं यांवर वर्षानुवर्षं चालतात. फार थोड्यांना आत जाळीची नळी बसवावी लागते, पण ज्यांना लागते त्यांचं बिल मोठं असतं. एक सूचना विम्याच्या दृष्टीने महत्त्वाची: पॉलिसी सुरू होण्याआधी "कधी कधी ठसका लागतो" असं सहज बोलता बोलता सांगितलं आणि ते लिहिलं गेलं, तर पुढे श्वासनलिकेचा क्लेम त्यावर अडू शकतो. लक्षण असेल तर जरूर सांगा, पिल्लाच्या उपचारासाठी ते कळायलाच हवं. सांगताना कधी, किती वेळा आणि कशानंतर हे नेमकं सांगा, म्हणजे घाईघाईने पाणी पिताना एकदा लागलेला ठसका "जुना खोकला" म्हणून नोंदला जाणार नाही.

आणि म्हातारपणी हृदय. लहान जातींत डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होऊन गळू लागणं हा सर्वांत जास्त आढळणारा हृदयविकार आहे, आणि पॉलिसीचा प्रकार निवडताना मी याचाच सर्वांत जास्त विचार करायला सांगतो. तो वर्षानुवर्षं चालतो. आधी स्टेथोस्कोपमध्ये मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली जादा फुसफुस, ऐकू येते आणि कुत्र्याला काहीच त्रास नसतो. मग हृदयाचा आकार वाढतो. त्या टप्प्याला बी२ म्हणतात आणि तो एक्स-रे व इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर ठरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक या अभ्यासात, या टप्प्यावर पिमोबेंडान हे हृदयाचं औषध सुरू केलेल्या कुत्र्यांत हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिन्यांनी पुढे गेली. म्हणजे उपचार करण्यात अर्थ आहे. पण गोळी दिवसातून दोनदा, आयुष्यभर द्यायची असते, सोबत ठरावीक अंतराने इको, आणि पुढे फुप्फुसात पाणी झालं तर लघवीची औषधं, मूत्रपिंडाच्या चाचण्या, मधूनच ऑक्सिजन. एकेक बिल छोटं दिसतं, पण ते तीन-चार वर्षं येत राहतं.

पॉलिसीचे प्रकार याच चष्म्यातून पाहा. फक्त अपघाताची पॉलिसी स्वस्त असते आणि मोडलेला पाय व विषबाधा सांभाळते. हृदय आणि श्वासनलिकेला तिचा उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक आजाराला सुरुवातीपासून १२ महिने पैसे मिळतात आणि मग तो आजार कायमचा बाहेर. हाड जुळायला हे पुरतं, झडपेला मुळीच पुरत नाही: औषधांची खरी वर्षं सुरू होतात तेव्हा संरक्षण संपलेलं असतं. तिसऱ्यात प्रत्येक आजाराला आयुष्यभरासाठी एकच ठरावीक रक्कम असते. चौथ्यात वर्षाची एकूण मर्यादा असते आणि पॉलिसीचं नूतनीकरण झालं की ती पुन्हा भरते, जुन्या आजारासाठीसुद्धा. लहान जातीसाठी माझी पसंती या चौथ्या प्रकाराला आहे. हप्ता जड वाटत असेल तर मर्यादा कमी करा किंवा स्वतः सोसायची रक्कम वाढवा, पण प्रकार बदलून १२ महिन्यांच्या पॉलिसीवर येऊ नका.

पुढे कधी कंपनी बदलू, असं मनात असेल तर तेही आजच जमेस धरा. नव्या कंपनीकडे गेलात की प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो आणि मधल्या वर्षांत नोंदलेलं सगळं आधीपासूनचं ठरतं. सातव्या वर्षी मर्मर ऐकू आली की तुम्ही त्या कंपनीशी बांधले गेलात. म्हणून पहिल्या वर्षाच्या हप्त्यापेक्षा हे विचारा: नूतनीकरणाच्या वेळी कंपनी नवी वगळणूक टाकू शकते का? क्लेम केल्यामुळे हप्ता वाढतो का? आठ-नऊ वर्षांनंतर बिलातला तुमचा वाटा आपोआप वाढतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर नेमक्या हृदयाच्या वर्षांत तुम्हाला कमी मिळणार आहे.

आता पैसे हातात किती येतात ते पाहू, कारण जाहिरातीतला टक्का आणि खात्यात जमा झालेली रक्कम यांत फरक पडतो. समजा बिल १,००० आहे, डिडक्टिबल म्हणजे आधी तुम्ही सोसायची ठरावीक रक्कम २०० आहे आणि परतावा ८० टक्के. कंपनी आधी २०० वजा करून उरलेल्या ८०० चे ८० टक्के देत असेल तर ६४० मिळतात. आधी ८० टक्के काढून त्यातून २०० वजा करत असेल तर ६००. आकडे तेच, क्रम बदलला. त्याशिवाय बिलातला काही भाग मुळातच गणला जात नाही: तपासणी फी, खास आहार, पूरक पावडरी, गळ्यातला प्लास्टिकचा शंकू. १,००० मधले १५० असे निघाले तर हिशेब ८५० पासून सुरू होतो, आणि पहिल्या पद्धतीने हातात ५२० येतात. म्हणून पॉलिसी घेण्याआधी कंपनीला एक काल्पनिक बिल देऊन "यावर किती मिळेल" हे लेखी मागा. यातून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कळत नाही.

डिडक्टिबल वर्षाला एकदा की आजाराला एकदा, हाही मोठा फरक आहे. वर्षाला एकदा असेल तर एका वर्षात पायही मोडला आणि पोटही बिघडलं तरी ती एकदाच जाते. पण हृदयाच्या औषधांना ती दर वर्षी नव्याने लागते. आजारामागे एकदाच असेल तर उलटं. पोमेरेनियनचं म्हातारपण डोळ्यांपुढे ठेवलं तर आजारामागे आयुष्यात एकदा ही पद्धत जास्त सोयीची पडते, मिळत असेल तर.

दात हा भाग मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण लहान कुत्र्याचा सर्वांत नक्की येणारा खर्च तोच आहे आणि विमा तो सहसा देत नाही. मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात इवल्याशा जबड्यात दाटीवाटीने बसलेले असतात. दुधाचे २८ दात पडून त्यांच्या जागी कायमचे येतात. सुळे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात. म्हणजे आत्ताच पाहण्याची वेळ आहे. ओठ वर करून बघा: एकाच जागी दुधाचा आणि कायमचा, असे दोन सुळे शेजारी शेजारी दिसले तर दुधाचा पडायला उशीर होतो आहे. दोघांच्या फटीत अन्न अडकतं, आणि कायमचा सुळा वाकडा येऊन टाळूत रुतू शकतो. सहा-सात महिन्यांपर्यंत तो पडला नाही तर काढावा लागतो, आणि नसबंदी करणार असाल तर त्याच भुलीत काढणं सोयीचं. एका भुलीत दोन कामं झाली की खर्चही वाचतो आणि धोकाही.

पुढे हिरड्यांचा आजार. लहान जातींत तो तिसऱ्या वर्षापर्यंत दिसू लागतो. दात नीट स्वच्छ करायचे तर हिरडीखालचा भाग खरवडावा लागतो आणि मुळांचे एक्स-रे काढावे लागतात. हे जाग्या कुत्र्यावर होत नाही. भूल न देता वरवर पांढरे करून दिलेले दात दिसायला छान दिसतात, आत हाड झिजत राहतं. बहुतेक पॉलिसी अपघाताने मोडलेल्या दाताचे पैसे देतात आणि साफसफाईचे देत नाहीत. काही पॉलिसी हिरड्यांच्या आजाराचे देतात, पण अट असते की दर वर्षी दातांची तपासणी झालेली हवी आणि डॉक्टरांनी सुचवलेली सफाई मुदतीत केलेली हवी. एक वर्ष चुकलं की तो हक्क गेला. म्हणून दातांसाठी बचतच ठेवा: आयुष्यात भुलीखालची सफाई तीन ते पाच वेळा होईल असं धरा. रोज ब्रश केलात तर आकडा खाली येईल. बोटावरचा मऊ ब्रश, कुत्र्यांसाठीची पेस्ट, बाहेरची बाजू, तीस-चाळीस सेकंद. माणसांची पेस्ट नको, कारण फ्लोराइड आणि कधी झायलिटॉल. सवय लावायला पाच महिने हे उत्तम वय आहे, पण दात बदलताना हिरड्या दुखतात, म्हणून पहिले काही आठवडे फक्त बोट लावा.

नर पिल्लू आहे म्हणून आणखी एक तपासणी करून घ्या. दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत का? साधारण दोन महिन्यांपर्यंत ती उतरतात, आणि सहा महिन्यांनंतर उतरण्याची आशा नसते. टॉय जातींत एक पोटात किंवा जांघेत अडकून राहणं नेहमीचं. ते आत ठेवलं तर पुढे गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती साध्या नसबंदीहून महाग पडते. हे आधीच नोंदलेलं असेल तर विमा देणार नाही. हाही खर्च बचतीतून धरा.

तर बचत की विमा? नुसत्या बचतीची अडचण वेळेची आहे. आजपासून हप्त्याइतके पैसे टाकायला लागलात आणि चौथ्या महिन्यात पाय मोडला, तर जवळ चारच हप्ते असतात. दहाव्या वर्षी रक्कम चांगली जमलेली असेल, पण तोवर दुर्दैव थांबेलच असं नाही. उलट नुसत्या विम्याची अडचण अशी की वाढत जाणारा हप्ता लोक हिशेबात धरत नाहीत. पहिल्या वर्षाचा हप्ता १०० धरा. तो कायम तेवढाच राहिला तर १४ वर्षांत १,४०० भरले. दर वर्षी ८ टक्के वाढला (हा आकडा फक्त उदाहरणासाठी) तर एकूण सुमारे २,४२० होतात आणि चौदाव्या वर्षीचा हप्ता २७२ च्या आसपास असतो. पोमेरेनियन १२ ते १६ वर्षं जगतात, म्हणून हा शेवटचा महागडा काळ तुमच्या वाट्याला बहुधा येणारच. बाराव्या वर्षी परवडत नाही म्हणून पॉलिसी सोडली, तर त्याच वर्षांसाठी भरलेला इतका काळचा पैसा कामी येत नाही. हप्ता आज परवडतो का एवढंच पाहू नका; अडीचपट झाला तरी परवडेल का ते पाहा.

इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्हीच ठरवू शकता. उद्या एका दिवसात एक मोठी शस्त्रक्रिया आणि तीन दिवसांचा दवाखाना एवढी रक्कम कर्ज न काढता देता येईल का? येत असेल तर तुम्ही बचतीवर राहू शकता, गुडघे आधीच वगळले गेलेले असल्यामुळे तर आणखीच. येत नसेल तर विमा घ्या. तुमच्या पोचण्याच्या अंतरात हाडांचा शल्यविशारद, इको करणारा डॉक्टर आणि रात्रीचा दवाखाना आहे का? नसेल आणि तुम्ही लांब नेणार नसाल, तर प्रचंड मर्यादेच्या पॉलिसीचे पैसे वाया जातात. मधली मर्यादा पुरे. लस, जंतनाशक, गोचीड-पिसवांची औषधं यांचं जोड-संरक्षण विकतात, त्याचा वर्षाचा हप्ता आणि त्यातून मिळणारी कमाल रक्कम शेजारी लिहून पाहा. बहुतेकदा दोन्ही जवळपास सारखीच निघतात. ते घेऊ नका.

बहुतेक घरांना मी दोन्ही सुचवतो: वार्षिक मर्यादा पुन्हा भरणारी पॉलिसी, डिडक्टिबल जरा जास्त ठेवून हप्ता खाली आणलेला, आणि वाचलेल्या फरकातून वेगळं खातं. त्या खात्याची कामं ठरलेली आहेत: दात, गुडघे, डिडक्टिबल आणि आगाऊ भरणा. शेवटचं विसरलं जातं. पुष्कळ पॉलिसींत आधी तुम्ही बिल भरता आणि पैसे नंतर येतात, म्हणून विमा असूनही दवाखान्याच्या काउंटरवर रोकड लागते.

इतर लहान जातींना हाच हिशेब थोडा बदलतो. डॅक्सहुंडला मणक्याची गादी सरकण्याचा धोका इतका मोठा आहे, आणि तो तीन ते सात वर्षांत एकाएकी एमआरआय व शस्त्रक्रियेसकट येतो, की तिथे मी विम्याबद्दल फारसा विचार करायला सांगत नाही, घ्या. पग आणि शिह त्झूसाठी डोळे आणि चपट्या नाकाच्या शस्त्रक्रियेची कलमं वाचा. यॉर्कशायर टेरियरच्या पिल्लात यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी जन्मजात असू शकते, म्हणून जन्मजात आजार धरले आहेत का ते पाहा. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये झडपेचा आजार इतरांपेक्षा फार लवकर सुरू होतो, तिथे पॉलिसीचा प्रकार चुकवून चालतच नाही.

क्लेम नाकारले जाण्याची कारणं बहुधा कंटाळवाणी असतात. लस एक महिना उशिरा झाली आणि त्याच रोगाचं बिल आलं. वर्षाची तपासणी चुकली. बिलावर एकच एकूण रक्कम होती, तपशील नव्हता. क्लेम भरायची मुदत उलटली. मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक पॉलिसीत एक आणि दवाखान्यात दुसरा लिहिला गेला. यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक भेटीनंतर केसपेपरचा फोटो त्याच दिवशी काढा. बिल बाबवार मागा. रिपोर्ट एका फोल्डरमध्ये तारखेने ठेवा. आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी मागा. तातडी असेल तर उपचार थांबवू नका, दुसऱ्या दिवशी कळवा.

खर्च मुळातच कमी करायचा असेल तर वजन. २ किलो ५०० ग्रॅमच्या कुत्र्याला २५० ग्रॅम जास्त म्हणजे दहा टक्के जास्त, आणि तेवढ्याने गुडघा व श्वासनलिका दोन्हींवर ताण येतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून दर पंधरा दिवसांनी मोजा. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. सोफ्याजवळ उतार किंवा पायरी ठेवा आणि गुळगुळीत फरशीवर चटई टाका. कुत्रं सातव्या वर्षात गेलं की झोपेतले श्वास मोजायची सवय लावा: पोट वर-खाली झालं की एक, असं पूर्ण एक मिनिट. ३० च्या खाली असावेत. मर्मर असलेल्या कुत्र्यात ते सतत ३० च्या वर जायला लागले, तर धाप लागण्याची वाट न पाहता दाखवा. फुप्फुसात पाणी भरण्याआधी पकडलं तर गोळ्यांवर भागतं, नाही तर ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात रात्र काढावी लागते.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात गुडघे, सुळे, वृषणं आणि हृदयाचे ठोके यांची तपासणी व नेमकी नोंद. मग सगळे कागद दोन-तीन कंपन्यांना पाठवून "यातलं काय वगळाल" हे लेखी मागा. काही कंपन्या हा आढावा पॉलिसी घेतल्यावरच करतात. तशी असेल तर पैसे परत मिळण्याची सुरुवातीची मुदत किती दिवसांची आहे ते विचारून त्या मुदतीत आढावा करून घ्या. आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी साधारण १४ ते ३० दिवस असतो, गुडघ्याच्या अस्थिबंधांसाठी काही ठिकाणी सहा महिन्यांपर्यंत. त्या काळात कुत्रं खरंच आजारी पडलं तर लगेच न्या, नोंदीच्या भीतीने घरी ठेवू नका. २ किलोच्या पिल्लाला दिवसभराच्या जुलाब-उलट्यांनीही पाणी आणि साखर दोन्ही कमी पडतात, आणि ते भरून काढायला हातात तास थोडे असतात.